साथरोगशास्त्राचं गणित गप्पांमधून कसं समजावून सांगावं

औषध घेतलेला माणूस बरा झाला. ते घेतलं नसतं तर काय झालं असतं? हे 'झालं असतं' कुणालाच दिसत नाही, कारण एकाच माणसाला एकाच वेळी औषध द्यायचं आणि द्यायचं नाही, असं करता येत नाही. म्हणून त्याच्या जागी दुसरी माणसं उभी करावी लागतात. ती माणसं खरोखर त्याच्या जागी शोभतात का, हे तपासणं म्हणजे कार्यकारणाचा शोध. साथरोगशास्त्र, म्हणजे आजार कुणाला, किती आणि कशामुळे होतात याचा अभ्यास, गप्पांमधून पोचवायचा असेल तर आधी हा प्रश्न पोचायला हवा. कन्फाउंडर, कोलायडर, ऑड्स रेशो ही नावं त्यानंतर. प्रश्न मनात घोळू लागला की नाव आपोआप लक्षात राहतं. नाव आधी आलं की समोरचा ते पाठ करू लागतो आणि विचार थांबतो.

बसण्याआधीची तयारी

एका बैठकीला एकच दावा घ्या. मूळ शोधनिबंधातून तीन गोष्टी कागदावर उतरवा: प्रत्येक गटात माणसं किती, त्यांपैकी किती जणांना तो आजार झाला, आणि मोजणी कोणत्या क्षणापासून सुरू झाली. निष्कर्षाचं वाक्य उतरवू नका. ते समोर असलं की दोघंही त्याच्या बाजूने बोलू लागतात. गप्पा ध्वनिमुद्रित करायच्या असतील तर प्रश्न विचारणाऱ्याने शोधनिबंधातला फक्त पहिला तक्ता वाचावा, म्हणजे दोन्ही गटांतली माणसं मुळात कशी होती ते दाखवणारा. सगळं माहीत असून अजाणतेपणाचा आव आणला की ऐकणाऱ्याला ते लगेच कळतं.

पहिली पाच मिनिटं दावा नीट मांडण्यात घालवा. 'व्यायामाने हृदयविकार टळतो' हे वाक्य तपासताच येत नाही. आठवड्याला किती व्यायाम? अजिबात न करण्याच्या तुलनेत, की थोडा करण्याच्या? किती वर्षांत? आणि कुणासाठी, निरोगी माणसांसाठी की एकदा झटका येऊन गेलेल्यांसाठी? इथे एक प्रश्न फार उपयोगी पडतो: 'पैसा, वेळ आणि नैतिक अडचणी आड आल्या नसत्या, तर याचा प्रयोग तू कसा केला असतास?' समोरचा जो प्रयोग सांगेल त्याच्या शेजारी प्रत्यक्षातला अभ्यास ठेवा. दोन्ही कुठे जुळत नाहीत ते शोधणं, एवढंच पुढच्या अर्ध्या तासाचं काम. आज बरेच संशोधकही निरीक्षणांवर आधारलेले अभ्यास याच पद्धतीने आखतात.

किती जणांमागे किती?

ऑक्टोबर १९९५ मध्ये ब्रिटनच्या औषध-सुरक्षा समितीने डॉक्टरांना कळवलं की तिसऱ्या पिढीच्या गर्भनिरोधक गोळ्यांमुळे रक्ताची गुठळी होण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो. 'दुप्पट' हा शब्द सगळीकडे पसरला. प्रत्यक्षात जुन्या गोळ्या घेणाऱ्या सुमारे ७००० स्त्रियांमागे एकीला गुठळी होत असे. नव्या गोळ्यांमुळे ७००० मागे दोघींना. घाबरून अनेकींनी गोळ्या सोडल्या आणि पुढच्या वर्षी इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे १३,००० गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. वाईट वाटतं ते याचं की गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो.

म्हणून नियम करा: गुणोत्तर सांगायचं तर त्याच श्वासात मूळ संख्या सांगायची. टक्के टाळा. 'हजारांमागे इतके' असं बोला आणि दोन्ही गटांसाठी छेद एकच ठेवा. एकीकडे '२०० मध्ये १' आणि दुसरीकडे '७० मध्ये १' म्हटलं तर ऐकणारा मनात भागाकार करत बसतो.

ऑड्स रेशोपाशी जास्त सांभाळा. १९९९ मध्ये ७२० डॉक्टरांवरचा एक अभ्यास गाजला. कृष्णवर्णीय रुग्णांना हृदयाच्या एका तपासणीसाठी पाठवण्याचं प्रमाण '४० टक्क्यांनी कमी' असल्याच्या बातम्या झाल्या, कारण निबंधात ऑड्स रेशो ०.६ होता. मूळ आकडे होते कृष्णवर्णीयांसाठी ८४.७ टक्के आणि श्वेतवर्णीयांसाठी ९०.६ टक्के, म्हणजे शंभरांत सहाचा फरक. साधं गुणोत्तर ०.९३. फरक होताच, आणि तो गंभीरही होता, पण ४० टक्के नव्हता. गोंधळ का झाला ते असं दाखवा: ऑड्स म्हणजे 'पाठवले भागिले न पाठवले'. ९०.६ ला ९.४ ने भागा, साधारण ९.६ येतात. ८४.७ ला १५.३ ने भागा, साधारण ५.५ येतात. आता ५.५ ला ९.६ ने भागा. घटना विरळ असेल तर ऑड्स रेशो आणि साधं गुणोत्तर जवळपास सारखे येतात. घटना सर्रास घडणारी असेल तर ते असे फाकतात. गप्पांत ऑड्स रेशोचा उच्चार 'इतक्या पटीने शक्यता' असा कधीही करू नका.

दोन गट मुळात सारखे होते का?

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. मुतखड्यावरच्या उपचारांची तुलना करणारा १९८६ चा ब्रिटिश अभ्यास यासाठी उत्तम आहे. कागदावर फक्त एवढं लिहा: चिरा देऊन केलेली शस्त्रक्रिया ३५० पैकी २७३ जणांत यशस्वी, छोट्या छिद्रातून खडा काढण्याची पद्धत ३५० पैकी २८९ जणांत. कोणती चांगली, असं विचारा. उत्तर 'दुसरी' असं येईल. मग खाली लिहा:

लहान खडे: चिरा ८७ पैकी ८१, छिद्र २७० पैकी २३४.
मोठे खडे: चिरा २६३ पैकी १९२, छिद्र ८० पैकी ५५.

आता काही बोलू नका. समोरच्याला भागाकार करू द्या. लहान खड्यांत ९३ विरुद्ध ८७ टक्के, मोठ्यांत ७३ विरुद्ध ६९. दोन्हीकडे चिराच सरस, आणि एकत्र केलं की हरलेला! कारण त्याला स्वतःलाच सापडू द्या: अवघड, मोठे खडे बहुतेक चिऱ्याच्या वाट्याला आले होते. खड्याच्या आकारावर उपचाराची निवडही अवलंबून होती आणि यशही. आता म्हणा, 'याला कन्फाउंडर म्हणतात.'

इथेच थांबलात तर मात्र समोरचा चुकीचा धडा घेऊन जाईल: 'गट पाडले की खरं कळतं.' नेहमी नाही. खड्याचा आकार उपचाराच्या *आधी* ठरलेला होता. जी गोष्ट उपचारानंतर घडते तिच्यावर गट पाडले तर नवीनच खोटं तयार होऊ शकतं. धूम्रपान करणाऱ्या मातांची बाळं जन्मतः हलकी असण्याचं प्रमाण जास्त असतं. पण फक्त अडीच किलोपेक्षा कमी वजनाची बाळं घेऊन पाहिलं, तर धूम्रपान करणाऱ्या मातांच्या बाळांत मृत्यूचं प्रमाण *कमी* दिसलं. धूम्रपान बाळाला वाचवत नाही. बाळ हलकं असण्याची दुसरी कारणं, उदाहरणार्थ जन्मजात दोष, जास्त घातक असतात. माता धूम्रपान करत नसूनही बाळ हलकं असेल तर अशा एखाद्या कारणाची शक्यता वाढते. कारणाकडून परिणामाकडे बाण काढले, तर दोन बाण जिथे येऊन मिळतात त्या गोष्टीवर (इथे बाळाच्या वजनावर) चाळणी लावली की असं होतं, आणि त्या गोष्टीला कोलायडर म्हणतात. बोलताना बाण काढून दाखवा. नुसत्या शब्दांत हे निसटतं.

घड्याळ कधी सुरू झालं?

ही चूक सर्वांत सहज निसटते आणि गप्पांत सर्वांत छान उलगडते. ऑस्करविजेते इतर कलाकारांपेक्षा जवळपास चार वर्षं जास्त जगतात, असं २००१ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यावर संवाद असा नेता येतो:

'जिंकल्यामुळे आयुष्य वाढतं म्हणे.'
'ऑस्कर कोणत्या वयात मिळतो?'
'काही ठरलेलं नाही. सत्तरीतही मिळतो.'
'सत्तरीत ज्याला मिळाला, तो साठीत गेला असता तर?'
'तर मिळालाच नसता.'
'मग आधीची सत्तर वर्षं ऑस्करच्या खात्यात कशी धरलीस?'

२००६ च्या फेरविश्लेषणात आयुष्य विजयाच्या क्षणापासून मोजलं तेव्हा फरक सुमारे एका वर्षावर आला आणि तोही योगायोगापासून वेगळा काढता येईना. 'अमुक औषध दोन वर्षं घेणारे जास्त जगतात' असा दावा दिसला की हाच प्रश्न विचारा: ती दोन वर्षं पुरी करायला ते आधी जिवंत राहिले नव्हते का?

हमखास होणाऱ्या चुका

९५ टक्के कॉन्फिडन्स इंटरव्हलला, म्हणजे अंदाजासोबत दिलेल्या आकड्यांच्या पट्ट्याला, 'खरा आकडा यात असण्याची शक्यता ९५ टक्के' म्हणणं सोपं असतं, पण चूक असतं. बोलताना 'या माहितीशी बऱ्यापैकी जुळणारे आकडे इथून इथपर्यंत' असं म्हणा. अचूक व्याख्या विचारली तरच द्या. पी-व्हॅल्यू म्हणजे 'निष्कर्ष योगायोगाचा असण्याची शक्यता' नव्हे. परिणाम मुळीच नसता तरी इतका किंवा याहून मोठा फरक किती वेळा दिसला असता, ते ती सांगते. आणि 'सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय नाही' याचा अर्थ 'परिणाम नाही' असा होत नाही. इंटरव्हल रुंद असेल तर 'अजून कळलं नाही' एवढंच म्हणा.

सगळ्यात त्रासदायक वळण मात्र शेवटी येतं. हे सगळं ऐकलेला माणूस उत्साहाने प्रत्येक अभ्यास उडवून लावू लागतो: 'सहसंबंध म्हणजे कार्यकारण नव्हे!' त्याला धूम्रपानाची गोष्ट सांगा. माणसांना यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकून निवडून, सिगारेटी ओढायला लावणारा प्रयोग कुणी केलेला नाही. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांनी १९५१ पासून हजारो ब्रिटिश डॉक्टरांच्या सवयी नोंदवल्या आणि पुढे कोण कशाने गेलं ते पाहिलं. फिशरसारख्या थोर संख्याशास्त्रज्ञाने तरीही शंका काढली: धूम्रपानाची ओढ आणि कर्करोग, दोन्ही एकाच आनुवंशिक कारणाने येत असतील तर? १९५९ मध्ये संख्याशास्त्रज्ञ कॉर्नफील्ड आणि सहकाऱ्यांनी उत्तर दिलं. धूम्रपान करणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग नऊ पट असेल आणि तो सगळा त्या लपलेल्या कारणामुळे असेल, तर ते कारण धूम्रपान करणाऱ्यांत, न करणाऱ्यांच्या तुलनेत, निदान नऊ पट आढळायला हवं. असं काही कुणाला दाखवता आलं नाही.

तेव्हा 'दुसरं काहीतरी असेल' असं कुणी म्हटलं की वाद घालू नका, कागद पुढे करा. त्या 'काहीतरी'चं नाव लिहायला सांगा, त्याचे दोन्ही बाण काढायला लावा, आणि एवढा फरक घडवायला ते एका गटात दुसऱ्याच्या किती पट असावं लागेल, तो आकडा शेजारी लिहायला सांगा.