दादाच्या कपाटातलं पिस्तूल: कॅलिफोर्नियात कोर्टाकडे दाद कशी मागावी

"आता सगळं आवरून टाकतो," दादा फोनवर म्हणाला. त्याच्या कपाटात पिस्तूल आहे हे मला ठाऊक होतं. असा धोका अगदी समोर उभा असेल तर आधी 911 लावा, कागद नंतर.

कॅलिफोर्नियात 2016 पासून 'गन व्हायलन्स रिस्ट्रेनिंग ऑर्डर' मागता येते, म्हणजे धोक्याच्या माणसाला काही काळ बंदूक-गोळ्या जवळ ठेवायला मनाई करणारा कोर्टाचा आदेश. घरचे मागू शकतात, पोलीसही. आपल्या काउंटीच्या सुपीरियर कोर्टात जीव्ही-100 हा अर्जाचा फॉर्म द्यायचा. फी नाही, वकील असलाच पाहिजे असंही नाही. खरी मेहनत घ्यायची ती घडलेलं सांगताना. 'तो हल्ली खचलाय' एवढ्याने भागत नाही. मी लिहिलं: मंगळवारी रात्री अकराला तो काय बोलला, शब्दन्‌शब्द, पिस्तूल कुठल्या खणात, गोळ्यांचा खोका कुठे. मेसेजचे स्क्रीनशॉट जोडले. हे शपथेवर असतं, तेव्हा ऐकीव गोष्ट ऐकीव म्हणूनच लिहा.

न्यायाधीशांना पटलं तर तात्पुरता आदेश निघतो आणि 21 दिवसांच्या आत सुनावणी होते. आदेश बजावायला स्वतः जाऊ नका. ते काम शेरीफच्या माणसांचं. सुनावणीनंतर आदेश 1 ते 5 वर्षं राहू शकतो.

हा फौजदारी खटला नव्हे, हे मी दादाला पुन्हा पुन्हा सांगितलं. महिनाभर तो माझ्याशी बोलला नाही. त्या दिवसांत वहिनी त्याच्याजवळ बसून 988, म्हणजे आत्महत्या रोखण्यासाठीची हेल्पलाइन, लावून द्यायची, आणि मी रोज रात्री तिला विचारायचे, "जेवला का गं?"