गच्चीवर टोमॅटोचा संकर: आई बटाटापानी निवडा

इंदूर म्हटलं की शेतीवाल्यांना अल्बर्ट हॉवर्ड यांचं कंपोस्ट आठवतं. पण १९२४मध्ये इथे येण्याआधी ते आणि त्यांच्या पत्नी गॅब्रिएल बिहारमधल्या पुसा इथे गव्हाचे नवे वाण काढत होते. गव्हाला शेत लागतं, टोमॅटोला गच्ची पुरते. अवघड असतं ते संकर खरंच झाला का, हे ओळखणं.

म्हणून आधी जोडी ठरवा. टोमॅटोचं फूल बहुतेक वेळा स्वतःच्याच परागावर फळतं. तेव्हा आई अप्रभावी, म्हणजे संकरात दडून राहणाऱ्या गुणाची घ्या: बटाट्यासारख्या, सपाट कडांच्या पानाची. ब्रँडीवाइन या जुन्या वाणाचं पान असंच असतं. बाप कातरलेल्या पानाचा आणि पिवळ्या फळाचा. ‘एफ-१’ (म्हणजे संकरित) छापलेलं पाकीट नको, ते बी मुळात मिश्र.

ऑगस्टअखेर पेरलंत तर दिवाळीच्या आगेमागे फुलं येतात. माळव्यातल्या तेव्हाच्या गार रात्री फळधारणेला मानवतात.

उद्या उमलेल अशी कळी बघा. पुंकेसरांचा सुळका अजून हिरवट हवा. गडद पिवळा झाला असेल तर पराग सांडलाच समजा. भुवयांच्या चिमट्याने सुळका बुडाशी धरून हळूच ओढा. मधोमध हिरवी काडी उरते, तिचं टोक म्हणजे कुक्षी. हात हलला की नेमकी तीच मोडते, म्हणून चार-पाच कळ्या धराव्यात. बापाच्या उमललेल्या फुलाचा सुळका नखाने फाडा, आतला पराग कुक्षीला लावा, देठाला दोरा बांधा.

फळ पिकल्यावर गर दोन-तीन दिवस आंबवा, बी धुऊन सावलीत वाळवा. पुढच्या हंगामात तिसऱ्या-चौथ्या पानाला निकाल लागतो: पान कातरलेलं तर संकर, बटाटापानी निघालं तर नुसतं आईचं बी, उपटून टाका.

संकराचं फळ लालच येईल. पिवळेपणा आत दडलेला असतो. त्याचं बी पेरलं की चारात साधारण एक रोप बटाटापानी, चारात एक पिवळ्या फळाचं, दोन्ही गुण एकत्र सोळात एक. ते मिळण्याची ९५ टक्के खात्री हवी तर ४७ रोपं लागतात. एवढ्या कुंड्या कोण ठेवणार? पण पान तर ट्रेमध्येच कळतं! ६० बिया टाका आणि बटाटापानी तेवढी राखा. त्यातली ११ कुंड्यांत लावली तरी तेवढीच खात्री.

आकाराचा हिशेब मात्र इतका सरळ नाही, त्यामागे अनेक जनुकं असतात. बाप चेरी टोमॅटो असेल तर नातवंडांतही आजीएवढं फळ क्वचितच दिसतं.