घरच्या गाडीनं मेळघाट: कुटुंबासाठी दोन दिवसांची तयारी

मेळघाटात जाताना किलोमीटर नाही, तास मोजायचे. परतवाडा ते धारणी हा रस्ता शंभर किलोमीटरच्या आसपासचा. पण वळणं, चढ-उतार आणि जनावरांसाठी थांबणं धरलं तर ताशी २५-३० च्या वर सरासरी पडत नाही. सपाटीच्या हिशेबानं निघालेली माणसं दुपारनंतर उशीर भरून काढायला गाडी पळवतात, आणि बहुतेक घोटाळे तेव्हाच होतात.

१९७३-७४ साली देशातले पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प ठरले, त्यांत मेळघाट होता. गुगामल राष्ट्रीय उद्यान हा त्याचा गाभा. आपली गाडी त्या गाभ्यात नेता येत नाही, ती फक्त सार्वजनिक रस्त्यानं चालवायची. आत जायचं तर सेमाडोह किंवा कोलकासहून वनखात्याची परवानगी, सफारीची गाडी आणि गाइड लागतो. मुक्कामाची खोली आधी ऑनलाइन बुक करा आणि सगळ्या मोठ्यांची मूळ ओळखपत्रं सोबत ठेवा.

मार्ग असा धरा: अमरावतीहून परतवाडा ५० किलोमीटरच्या आसपास, मग घटांग, सेमाडोह, कोलकास, हरिसाल. पहिल्या रात्री सेमाडोह किंवा कोलकास. दुसऱ्या दिवशी सेमाडोहवरून चिखलदरा, गाविलगड किल्ला बघून दुपारी खाली परतवाडा. धारणीपर्यंत जायचंच असेल तर तिसरा दिवस काढा. लहान पोट्टे असताना तेवढं दोन दिवसांत कोंबण्यात अर्थ नाही.

गाडीची तयारी आदल्या दिवशी करा. टायरमधली हवा सकाळी, टायर थंड असताना बघा. ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर भरलेल्या गाडीचा आकडा वेगळा दिलेला असतो, तोच धरा. स्टेपनीची हवाही तपासा. वर्षभर कुणी तिकडं बघत नाही आणि जंगलात पंक्चर झाल्यावर तीही बसलेली निघते. जॅक, पाना, टॉर्च वर ठेवा, बॅगांच्या खाली नको. ब्रेक ऑइल दोन वर्षांत बदललेलं नसेल तर बदलून घ्या. जुन्या ऑइलनं हवेतला ओलावा धरलेला असतो, उतारावर ते तापून त्यात वाफ धरते आणि पायडल मऊ पडतं. टाकी परतवाड्यातच फुल करा. पुढं बऱ्याच पट्ट्यात मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधी उतरवून घ्या, मुक्कामाचा पत्ता घरी सांगून ठेवा आणि थोडी रोख रक्कम जवळ असू द्या.

परतवाड्यापासून चिखलदऱ्यापर्यंत सुमारे ७०० मीटरची चढण आहे. भरलेल्या गाडीच्या इंजिन-तापमानाचा काटा वर सरकायला लागला तर आधी एसी बंद करा. तरीही उतरत नसेल तर काचा खाली करून हीटर पूर्ण चालू करा, इंजिनची उष्णता त्यातून बाहेर पडते. मग रुंद जागा बघून थांबा. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. उतरताना, ज्या गिअरमध्ये गाडी तो चढ चढली असती त्याच गिअरमध्ये उतरा. बहुतेक जागी दुसरा. न्यूट्रल करून डिझेल वाचवायला जाऊ नका, सगळा भार ब्रेकवर येतो. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्या. आंधळ्या वळणावर हॉर्न एकदाच, थोडकाच वाजवा.

जनावरांसमोर हॉर्न मात्र अजिबात नको. इथं गवे बरेच आहेत. कळप दिसला की पन्नासेक मीटर अलीकडं थांबा, काचा वर करा, इंजिन हळू चालू ठेवा. एक गवा गेला म्हणून गाडी पुढं दामटू नका. मागं वासरू असतं, आणि त्याच्यामागं आई. सांबर-भेकरांचंही तेच, एकामागं दुसरं येतंच. अंधार पडण्याआधी मुक्कामी पोचा. उशीर झालाच तर डिपर (लो बीम) लावून चाला, कारण हाय बीममध्ये जनावर रस्त्यातच खिळून उभं राहतं.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात. पहाटे रस्त्याकडेला कोरकू आदिवासी बाया-मुलं ती वेचत असतात, आणि त्याच झाडांखाली अस्वलंही येतात. म्हणून पहाटे मोहाखाली गाडी उभी करून पोरं खाली उतरवू नका. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा आगीचा हंगाम. वाळलेल्या सागाच्या पानांवर एक विडी पडली तरी वणवा होतो, त्यामुळं चूल, शेकोटी, सिगारेट काहीच नको. कुटुंबासाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी सगळ्यांत बरा. रात्री थंडी चांगलीच झोंबते, तेव्हा कानटोप्या आणि एक-दोन जादा चादरी न्या. पावसाळ्यात चिखलदरा हिरवागार असतो, पण धुक्यात दहा पावलांपुढचं दिसत नाही आणि दरडीही येतात.

पोरांना घाटात ओकारी होते, त्याचं अर्धं कारण सकाळचा नाश्ता. परतवाड्यात तर्री-पोहे खाऊन लगेच घाट चढायला घेऊ नका. कोरडी पोळी, फुटाणे, केळं एवढंच द्या. मोबाइल काढून घ्या, काच थोडी खाली करा, समोर बघायला सांगा. औषध द्यायचं असेल तर डॉक्टरांकडून वयाप्रमाणं मात्रा लिहून घ्या आणि निघण्याआधी अर्धा-एक तास द्या. पिशव्या आणि ओला नॅपकिन मागच्या सीटवर हाताशी असू द्या. पाणी माणशी २ लिटर, उन्हाळ्यात दुप्पट. शिदोरीत भाकरी, ठेचा, कोरडं बेसन टिकतं. वानरांना मात्र काही टाकू नका. खाण्याच्या आशेनं ती रस्त्यावर बसायला शिकतात आणि पुढच्या गाडीखाली येतात.

परतीचा घाट उतरून सपाटीला लागलात की एकदा थांबा. तळहाताची मागची बाजू चाकाच्या रिमपासून चार बोटं अंतरावर धरा, रिमला हात लावू नका. पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त तापतातच, पण पुढच्या दोन्हींची धग एकमेकांसारखी आणि मागच्या दोन्हींची एकमेकांसारखी हवी. जोडीतल्या एकाचीच जास्त असेल किंवा जळकट वास येत असेल तर त्या चाकाचा ब्रेक चिकटलाय. पाणी ओतू नका, डिस्क वाकते. अर्धा तास गार होऊ द्या आणि परतवाड्यात मेकॅनिकला दाखवूनच घरची वाट धरा.