घरात आमवाताचं माणूस असेल तर या चुका टाळा

"दिसायला तर धडधाकट आहे, मग सकाळीच काय होतं हिला?" आपल्याकडे हे वाक्य सासूच्या, नवऱ्याच्या, कधी आईच्याही तोंडून निघतं. आमवातात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थरायटिसमध्ये, रोगप्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. रात्री आखडलेली बोटं सुटायला सकाळी तासभर, कधी त्याहून जास्त वेळ लागतो. तीच बाई दुपारी शेतात कापूस वेचताना दिसली म्हणून सकाळचं दुखणं खोटं ठरत नाही. तिच्यावर विश्वास ठेवा. पहाटेच्या भाकरी, भरलेला हंडा, धुणं पिळणं ही कामं घरातल्या दुसऱ्यांनी उचलावीत, पुरुषांनीसुद्धा. पण तिला खाटेवर बसवूनही ठेवू नका, झेपेल तेवढी हालचाल सांध्यांना हवीच असते.

सगळ्यात घातक चूक गोळ्यांची. या आजारात मेथोट्रेक्सेट बहुधा दिलं जातं आणि ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. बीपीच्या गोळ्यांबरोबर तेही रोज दिलं गेलं तर तोंडात फोड येतात, रक्तातल्या पेशी घटतात, जिवावर बेततं. गावच्या आठवडी बाजाराचा दिवस या गोळीला ठरवून टाका, म्हणजे घरात कुणी विसरणार नाही. तो वार पाकिटावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि हे पाकीट रोजच्या गोळ्यांपासून वेगळं ठेवा. या औषधाचा त्रास कमी व्हावा म्हणून दिलं जाणारं फॉलिक ॲसिड हे जीवनसत्त्व कधी घ्यायचं तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या. चुकून मेथोट्रेक्सेट रोज दिलं गेलं असेल तर त्रास व्हायची वाट पाहू नका, पाकीट घेऊन लगेच दवाखाना गाठा. या औषधावर असताना ताप आला तरी अंगावर काढू नका. रक्ताच्या आणि लिव्हरच्या तपासण्याही चुकवू नका.

नवं लग्न झालेलं असेल तर "पाळणा कधी?" असं विचारण्याआधी हे माहीत असू द्या: गरोदरपणात मेथोट्रेक्सेट चालत नाही. मूल हवं असेल तर आधी डॉक्टरांशी बोलून औषध बदलावं लागतं.

कुणीतरी सांगितलेली, नाव-गाव नसलेली पुडी आणू नका. दोन दिवसांत सूज उतरली तर आनंद होतो, पण अशा पुड्यांमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं आढळलं आहे. चेहरा सुजतो, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेतली असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं, म्हणून पुडी डॉक्टरांना दाखवा.

बरं वाटलं की औषध थांबवणारे पुष्कळ. आजार आतून चालूच राहतो आणि एकदा वाकडी झालेली बोटं औषधाने सरळ होत नाहीत. जवळ सांध्यांचे तज्ज्ञ नसतील तर संभाजीनगरचं घाटी रुग्णालय, लातूर, नांदेड, अंबाजोगाई इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत मेडिसिनच्या ओपीडीला दाखवा. जाताना जुने रिपोर्ट बरोबर घ्या, आणि आत गेल्यावर काय दुखतं ते तिला स्वतःला सांगू द्या.