पन्हाळा गाडीतून नको, पायी: पोराबाळांसह अर्ध्या दिवसाची चाल

कोल्हापूरकर पन्हाळ्याला वर्षातून चारदा जातात आणि गड मात्र क्वचितच बघतात. गाडी गडावर थेट जाते. मग अंबरखान्यासमोर उतरायचं, फोटो काढायचा, परत बसायचं, तीन दरवाजापाशी पुन्हा उतरायचं. तिसऱ्या थांब्याला पोरं कंटाळतात, कारण मधला गड त्यांच्या पायाखालून गेलेलाच नसतो. म्हणून गाडी एकदाच लावावी आणि पूर्वेकडून पश्चिमेकडे गड चालत ओलांडावा. एसटी स्थानकाजवळचा बाजीप्रभूंचा पुतळा, सज्जा कोठी, अंबरखाना म्हणजे धान्याची कोठारं, अंधारबाव ही इमारतीखाली झाकलेली विहीर आणि तिला लागूनच तीन दरवाजा, असा क्रम ठेवा. परतीसह पाच किलोमीटरच्या आसपास चाल होते. चढ फार नाही. सहा-सात वर्षांचं मूल सहज चालतं. त्याहून लहान असेल तर काही वेळ खांद्यावर घ्यायची तयारी ठेवा. बाबागाडी आणू नका, जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर ती उचलूनच न्यावी लागते.

कोल्हापूरपासून गड साधारण 20 किलोमीटर. शिवाजी पूल ओलांडून रत्नागिरी रस्त्याने केर्ली, पुढे वाघबीळ, आणि तिथून डावीकडे घाट. मध्यवर्ती बसस्थानकावरून एसटी मिळते. घाटातली वळणं मुलांना लागतात, त्यामुळे निघताना पोटभर नाष्टा देऊ नका. केळं किंवा चार बिस्किटं पुरे.

वेळ ठरवताना ऊन बघा. हिवाळ्यात दुपारी तीनला सुरुवात केली की सज्जा कोठीवर ऊन पाठीशी राहतं आणि पश्चिमेच्या तीन दरवाजावर संध्याकाळचा उजेड पडतो. उन्हाळ्यात मात्र सकाळी सातलाच चालायला लागा आणि अकराच्या आत आटपा. रविवार टाळता आला तर उत्तम. नाक्यावर कराची पावती घ्यायलाच रांग लागते, आणि अंधारबावीत गर्दी असली की तिथे उतरण्यात अर्थ नाही.

सोबत मोठ्या माणसामागे एक लिटर आणि मुलामागे अर्धा लिटर पाणी, एक टॉर्च, टोपी, आणि पकड असलेले बूट. चप्पल गडावर चालते असं वाटतं, पण बारीक मुरमावर ती आधी घसरते. खाऊ पिशवीच्या आत बंद ठेवा. हातात वेफरचं पाकीट दिसलं की माकड थेट मुलाकडे येतं. आलंच तर पाकीट सोडून द्यायचं, ओढाताण करायची नाही, हे मुलांना आधीच सांगून ठेवा. स्वच्छतागृहाचं स्थानकावरच उरकून घ्या.

चालायला लागण्याआधी जिथून आत आलात त्या जागेकडे एकदा बघा. इथे चार दरवाजा होता. 1844 च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे गड राखणाऱ्या शिपायांच्या, उठावानंतर इंग्रजांनी तो पाडला आणि आज त्याचे थोडे अवशेषच दिसतात. पाडलेला दरवाजा आधी दाखवला की शेवटी शाबूत तीन दरवाजा बघताना काय गेलं ते मुलांना आपोआप कळतं.

सज्जा कोठी पूर्वेच्या कड्यावर आहे. आदिलशाही काळातली दुमजली, घुमटाची इमारत. मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीतून परतल्यावर संभाजीराजे पन्हाळ्यावर होते, आणि शिवाजी महाराजांशी त्यांची शेवटची भेट याच गडावर झाली. इथला जिना अरुंद आणि पायऱ्या उंच आहेत: चढताना मूल पुढे, उतरताना मोठं माणूस पुढे. वरून दरी सरळ खाली दिसते, म्हणून हात सोडायचा नाही. पंधरा मिनिटं पुरेत.

अंबरखान्याला मात्र निवांत वेळ द्या, निदान अर्धा तास. गंगा, यमुना, सरस्वती अशी तीन धान्यकोठारं. त्यांतली गंगा सर्वांत मोठी आणि तिच्यात 25,000 खंडी धान्य मावे असं सांगितलं जातं. एक खंडी म्हणजे वीस मण. हिशेब मुलांनाच करू द्या. नुसत्या आकड्याने ती थक्क होत नाहीत, म्हणून त्यांना काम द्या: आत शिरून छताकडे बघायचं आणि भोकं शोधायची. प्रत्येक घुमटाला झरोका आहे. बाहेरच्या बाजूने पायऱ्या आहेत. धान्य वर नेऊन या झरोक्यांतून आत ओतत. हे पटलं की पुढची गोष्ट सांगा. 1660 च्या मार्चमध्ये शिवाजी महाराज गडावर असताना आदिलशाही सरदार सिद्दी जौहरने गडाला वेढा घातला, राजापूरच्या इंग्रजांनीही त्याला तोफांची मदत केली, आणि तरी चार महिने गड हाती आला नाही. अशी कोठारं पाठीशी असल्यावर उपासमारीने गड पडायला वेळ लागतो. आत अंधार असतो आणि वटवाघळांचा वास येतो; नाक मुरडणाऱ्या मुलाला जबरदस्तीने थांबवू नका. छताला कठडा नाही, वर धावायला सोडू नका.

इथून पश्चिमेकडे निघा. वाटेत झुणका-भाकरीच्या टपऱ्या लागतील. भाकरी, खर्डा, दही हे सगळं परतताना. आधी जेवलात की अंधारबावीच्या पायऱ्या नको वाटतात, आणि पोरं तिथेच बसकण मारतात.

पूर्ण गडावर एकच जागा दाखवायची म्हटली तर अंधारबाव दाखवावी. बाहेरून ती विहीर वाटतच नाही, इमारतच वाटते, आणि तोच तिचा हेतू. वेढा घालणारा शत्रू पाण्यात विष कालवेल ही भीती खरी होती, म्हणून पाणीच इमारतीखाली झाकलं. तीन मजले आहेत. वरच्यात पहारेकऱ्यांची जागा, मधल्यात तटाबाहेर जायची चोरवाट, तळाला पाणी. उतरताना एक मोठं माणूस पुढे, एक मागे, मुलं मध्ये. उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना काही दिसत नाही, तेव्हा पहिल्या पायरीवर मिनिटभर थांबा; बहुतेक ठेचा तिथेच लागतात. टॉर्च पायांवर धरा, भिंतीवर नको. चोरवाट मुलांना शोधू द्या, पण त्यातून बाहेर पडू देऊ नका. तळाच्या पायऱ्या कायम ओलसर असतात, पाणी दिसलं की वळा.

दारातून बाहेर आलात की बाजूलाच तीन दरवाजा. इथे उलटं करा: आधी पूर्ण ओलांडून बाहेर जा, मग शत्रूच्या नजरेने आत या. बाहेरचा दरवाजा, मधला चौक, पुन्हा दरवाजा. पहिला फोडून आत आलेला माणूस चौकात कोंडला जातो आणि चारी बाजूंनी मारा होतो. हे शब्दांत समजावत बसू नका; दोन मुलांना आत आणि दोघांना बाहेर उभं करा, खेळातच कळतं. दारावरचं गणपतीचं शिल्प आणि फारसी शिलालेख दाखवा. कमानीत मधमाश्यांचं पोळं दिसलं तर ओरडणं, दगड, धूर काहीही नको, मुकाट्याने बाजूने निघा.

अंगात दम असेल तर राजदिंडी हा तटातला लहान दरवाजा बघून या. 13 जुलै 1660 च्या रात्री महाराज वेढ्यातून निसटून इथूनच विशाळगडाकडे निघाले. दिंडीपर्यंतच जायचं. पुढची वाट झाडीतून तीव्र उताराची आहे आणि कुटुंबाच्या फेरफटक्यात ती बसत नाही.

तटावर चढून फोटो काढणं हा इथला सर्वांत मोठा धोका. पावसाळ्यानंतर गवत तटाच्या काठापर्यंत वाढतं आणि कडा कुठे संपतो ते दिसत नाही. काठापासून चार पावलं आत राहा. धुकं दाटलं तर तटाकडेने अजिबात न जाता डांबरी रस्त्यानेच चला. जून ते सप्टेंबर शेवाळामुळे दगड निसरडे असतात. त्या दिवसांत सज्जा कोठीचा जिना आणि अंधारबाव वगळा, बाकीचा गड छत्रीपेक्षा रेनकोटात बरा, कारण वारा छत्री टिकू देत नाही. पंचगंगेला पूर आला की केर्लीजवळ रस्त्यावर पाणी येतं, आणि 2021 च्या जुलैत गडावर जाणारा रस्ताही खचला होता. त्यामुळे मुसळधार पावसाच्या आठवड्यात रस्ता चालू असल्याची खात्री करूनच निघा. एसटीने आला असाल तर परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ उतरल्या उतरल्या स्थानकावर विचारून ठेवा.