मधपेटी उचलायचीच नाही, अशी सोय करा

आमच्या आईला गोराईच्या वाडीत मेलिफेरा (युरोपियन जातीच्या) मधमाश्या सांभाळायची भारी हौस, वय ६४, आणि मागच्या वर्षी मधाने भरलेला वरचा बॉक्स उचलताना कंबरेत अशी कळ आली की महिनाभर झोपून होती, मग घरात सगळे म्हणायला लागले आता पुरे. मला ते पटेना. माश्या सोडायला कशाला हव्यात, उचलणं तेवढं बंद करू.

लँगस्ट्रॉथ म्हणजे एकावर एक बॉक्स रचायची नेहमीची पेटी, त्यातला १० फ्रेमचा (पोळं धरणाऱ्या लाकडी चौकटींचा) मोठा बॉक्स मधाने भरला की ३५-४० किलो होतो, एक भरलेली फ्रेम मात्र ३-साडेतीन किलोचीच. वर तो बॉक्स प्रोपोलिसने, म्हणजे माश्यांच्या चिकट डिंकाने, खालच्या बॉक्सला घट्ट चिकटलेला असतो, आपण हिसका देतो आणि तिथेच कंबर धरते.

नवीन काही बनवायचं नसेल तर शेजारी तेवढ्याच उंचीवर रिकामा बॉक्स मांडा, नारळाच्या सोडणाचा हलका धूर द्या, टोकाची फ्रेम दोन्ही कानांपाशी (वरच्या पट्टीच्या टोकांपाशी) सैल करून सरळ वर काढा आणि तिकडे ठेवा, मग पुढची. वर ओलं फडकं टाका, नाहीतर दुसऱ्या पेटीतल्या माश्या मध लुटायला येतात. राहिला रिकामा बॉक्स, तो कोणीही उचलेल.

पण खरा आराम आडव्या पेटीत आहे. एकच मजला, ओळीत २० फ्रेम, माप लँगस्ट्रॉथचंच ठेवा म्हणजे जुन्या फ्रेम आणि मध काढायचं मशीन दोन्ही चालतं. स्टँडची उंची अंदाजाने घेऊ नका हां, आम्ही आईला हात कोपरात वाकवून उभं केलं, जमिनीपासून टेपने मोजलं आणि फ्रेमची वरची पट्टी त्याच्या जरा खाली येईल असा स्टँड सुताराकडून करून घेतला. दार एका टोकाला ठेवा, राणी आणि पिल्लं साधारण त्या बाजूला राहतात, मध दूरच्या टोकाला साठतो. मध्ये सरकती फळी घाला, माश्या वाढल्या की फळी सरकवून एक-दोन रिकाम्या फ्रेम द्या, एकदम सगळी जागा मोकळी करू नका. झाकण तीन तुकड्यांत, जिथे बघायचं तेवढंच उघडायचं. आता आई चष्मा लावून निवांत एकेक फ्रेम उन्हाकडे धरते आणि अंडी शोधते.

भरल्यावर ही पेटी हलत नाही, म्हणून जागा आधीच पक्की करा. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, मुंग्या चढत नाहीत. आणि जूनच्या आत दाराकडे पेटी जराशी उतरती करून घ्या, नाहीतर आपल्या पावसात आत पाणी साचतं.