घरच्या सामन्याची तयारी: मिनेसोटा आयोवा सिटीत येते तेव्हा

बाहेरगावच्या सामन्याला सगळं सामान ट्रकमध्ये भरावं लागतं. भरताना प्रत्येक वस्तू कुणाच्या तरी हातातून जाते, म्हणून सहसा काही राहत नाही. घरच्या सामन्याला मात्र 'इथंच तर आहे' म्हणून वस्तूला कुणी हात लावत नाही, आणि शनिवारी नेमकी तीच सापडत नाही. घरचं कार्य असलं की मांडव, आचारी, पाहुणे सगळं नीट होतं आणि मंगलाष्टकं सुरू झाल्यावर अंतरपाटच मिळत नाही, तसं. आयोवा विद्यापीठात शिकताना दोन हंगाम मी फुटबॉल संघाबरोबर विद्यार्थी मॅनेजर म्हणून काम केलं. या वर्षी तू ते काम घेतोयस, म्हणून मिनेसोटा विद्यापीठाचा संघ आपल्याकडे खेळायला येतो त्या आठवड्याची माझ्या वहीतली यादी तुला लिहून देतो. ती पाठ करू नकोस. प्रत्येक वस्तूला हात लावून बघ.

आधी एक गोष्ट, कारण तूही माझ्यासारखाच कोल्हापूरचा आहेस. आपल्याकडे फुटबॉल म्हटलं की शाहू स्टेडियम आणि पेठापेठांतली ईर्ष्या. इथला फुटबॉल वेगळा, लांबट चेंडूचा. दहा यार्ड पुढं जायला चार प्रयत्न मिळतात. पण ईर्ष्या तीच, म्हणून तुला इथं परकं वाटणार नाही. बिग टेन या नावाच्या कॉन्फरन्समध्ये, म्हणजे आपला संघ ज्या साखळीत खेळतो तिच्यात, २०२४ पासून १८ संघ आहेत आणि प्रत्येकाला कॉन्फरन्सचे ९ सामने मिळतात. गटबिट आता उरले नाहीत. पहिले दोन संघ इंडियानापोलिसला अंतिम सामना खेळतात. त्यामुळं ऑक्टोबरमधला एक सामना हातचा गेला की डिसेंबरपर्यंत तो टोचत राहतो.

यादी रविवारी सुरू होते, आदल्या सामन्याची धूळ अंगावर असतानाच. हेल्मेटं ओळीनं मांडून एकेक तपास: जाळीचे स्क्रू, हनुवटीचा पट्टा, आतल्या उशांमधली हवा. खेळाडूनं आठवड्यात केस कापले तरी हेल्मेट सैल होतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मग स्टिकर. काळ्या हेल्मेटवर एएनएफ लिहिलेलं छोटं गोल स्टिकर असतं, त्याचा अर्थ 'अमेरिकेला शेतकरी हवेत'. १९८५ मध्ये आयोवातले शेतकरी कर्जात बुडत होते, शेतं लिलावात जात होती, तेव्हा प्रशिक्षक हेडन फ्राय यांनी ते लावायला सुरुवात केली. शेतकऱ्याच्या घरातून आलेल्या मुलानं ते स्टिकर वाकडं लावू नये. माझं तरी तेवढ्यासाठी दोनदा काढून लावणं व्हायचं.

सोमवार-मंगळवारपर्यंत वेळेचा हिशेब पक्का कर. नियमानं खेळाडूंना आठवड्यात २० तास आणि दिवसात ४ तासच सराव, बैठका आणि व्यायाम मिळून देता येतात. एक दिवस पूर्ण सुट्टी द्यावी लागते. सामन्याचा दिवस कितीही लांबला तरी ३ तासच धरला जातो. ऑक्टोबरात सहामाही परीक्षाही येतात. कुणाचा पेपर कधी आहे हे तुझ्या कागदावर असू दे. बुधवारी दुपारी एखादा लाइनबॅकर दिसत नसेल तर तो रसायनशास्त्राच्या पेपरला बसलाय हे तुला आधीच माहीत असायला हवं.

सरावात आपल्याच राखीव मुलांचा एक गट पाहुण्या संघाचं सोंग घेतो, त्याला स्काउट टीम म्हणतात. मिनेसोटाचा जो खेळाडू ज्या क्रमांकाचा, तोच क्रमांक आपल्या मुलाच्या अंगावर चढवायचा, आणि मोठ्या कार्डांवर त्यांच्या चाली काढून दाखवायच्या. कार्डं क्रमानं लावणं हे तुझं काम. ती मुलं शनिवारी बहुतेक मैदानात उतरणार नाहीत, तरी आठवडाभर सगळ्यात जास्त मार तीच खातात. त्यांच्या पाण्याच्या बाटल्या कधी रिकाम्या राहू देऊ नकोस.

आता आवाजाबद्दल, कारण घरच्या मैदानावर सगळ्यात मोठी गफलत इथं होते. आपल्या किनिक स्टेडियममध्ये ६९ हजारांच्या वर माणसं बसतात. सगळ्यांना वाटतं की त्यांचा आरडाओरडा फक्त पाहुण्यांना त्रास देतो. आपला ऑफेन्स, म्हणजे चेंडू पुढं नेणारी तुकडी, खेळत असताना लोक गप्प बसतात हे खरं. पण पाहुण्यांकडे चेंडू असताना जो गदारोळ होतो, त्यात आपल्याच डिफेन्सला, म्हणजे त्यांना अडवणाऱ्या तुकडीला, एकमेकांचं काही ऐकू येत नाही. २०२४ पासून मैदानावरच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये प्रशिक्षकाचा आवाज येतो. त्या हेल्मेटवर मागं हिरवा ठिपका असतो. चाल सुरू करायच्या घड्याळात १५ सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो. म्हणजे एकाला ऐकू आलं, पण उरलेल्या दहांना त्यानं सांगायचं कसं? हातानं. म्हणून बुधवारी डिफेन्सच्या सरावात मोठे स्पीकर लावून खुणांचा सराव व्हायलाच हवा, आणि स्पीकरची वायर, एक्स्टेन्शन बोर्ड, पावसात झाकायचं प्लास्टिक हे मंगळवारी रात्री तपासलेलं हवं. हिरव्या ठिपक्याचं एक जादा हेल्मेट तयार ठेव. ज्याच्या कानात आवाज येतो तोच मैदानाबाहेर गेला तर दुसऱ्याला ते लगेच चढवता आलं पाहिजे. बॅटऱ्या गुरुवारी बदल आणि शनिवारी सकाळी पुन्हा तपास.

पंट म्हणजे पायानं लांब मारून समोरच्या संघाकडे दिलेला चेंडू. तो परतवणाऱ्यांच्या हातांकडे तर माझं सगळ्यात जास्त लक्ष असायचं. कारण २१ ऑक्टोबर २०२३. हेच मैदान, हाच मिनेसोटा. दीड मिनिटाहून कमी वेळ उरलेला, आपण १०-१२ नं मागं. आपल्या कूपर डीजीननं उसळता पंट उचलला आणि ५४ यार्ड धावत थेट शेवटच्या रेषेपार नेला. स्टेडियम पेटलं. मग पंचांनी चित्रफीत बघितली. चेंडू उचलण्याआधी त्यानं डावा हात हलवला होता, आणि नियमानं ती 'फेअर कॅच'ची, म्हणजे 'मी नुसता झेलतो, पळणार नाही, मला अडवू नका' असं सांगण्याची, चुकीची खूण ठरली. अशी खूण झाली की चेंडू जिथं हातात आला तिथंच मेला, पुढची धाव बाद. सामना १२-१० नं गेला. १९९९ नंतर मिनेसोटा किनिकमध्ये पहिल्यांदाच जिंकला. त्या मुलानं काहीही लबाडी केली नव्हती, उलट अफाट धाव घेतली होती. मला आजही वाटतं की ती धाव मोजायला हवी होती. पण नियम तसा वाचता येतो, आणि आपल्याला तेवढं पुरे आहे. खरी खूण म्हणजे एक हात डोक्याच्या वर, पूर्ण उंच, एकाहून जास्त वेळा इकडून तिकडं. ती करायची नसेल तर हात अजिबात हलवायचा नाही. आपल्या माणसांना चेंडूपासून दूर करायचं असेल तर तोंडानं ओरडा. गुरुवारी पंटचा सराव होतो तेव्हा बाजूला उभं राहून फक्त हात बघ आणि हललेला प्रत्येक हात प्रशिक्षकांना सांग. आपण लहान, आपण काय सांगणार, असं मनात आणू नकोस.

गुरुवारी चेंडूंची पाळी. प्रत्येक संघ आपापल्या चेंडूनं चाल खेळतो. हवेचा दाब साडेबारा ते साडेतेरा पौंड. पेटीतून काढलेला नवा चेंडू हाताला गुळगुळीत लागतो, म्हणून आठवडाभर ब्रशनं घासून तो चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकच्या बोटांना ओळखीचा करायचा. थंडीत दाब उतरतो, तेव्हा मोजणी खोलीत करून भागत नाही. पाऊस असेल तर कोरडे टॉवेल मोजून ठेव, आणि मोजल्यावर तेवढेच आणखी घे.

खेळाडूंची पाहुण्यांसाठीची यादी शुक्रवारपर्यंत बंद होते. प्रत्येकाला घरच्या सामन्याला ४ मोफत प्रवेश देता येतात. आजी शेतावरून चार तास गाडीत बसून येते आणि तिचं नाव यादीत नसतं, असं एकदा डोळ्यांसमोर बघितलं की माणूस नावं दोनदा वाचायला शिकतो.

पाहुण्यांची खोली. ती गुलाबी आहे, हे तू ऐकलं असशीलच. हेडन फ्राय मानसशास्त्र शिकलेले होते. गुलाबी रंगानं माणूस नरम पडतो असं त्यांना वाटायचं. पुढं नूतनीकरणात कपाटं आणि मुतारीसुद्धा गुलाबी झाली. त्यावर वादही झाले. काही पाहुणे संघ येऊन भिंतींवर कागद चिकटवतात. रंगाचं काय व्हायचं ते होवो, खोली स्वच्छ, गरम पाणी चालू, टॉवेल पुरेसे आणि बर्फ भरलेला हवा. मैदानात त्यांना हरवायचं. खोलीत ते आपले पाहुणे आहेत.

शुक्रवारी हलका सराव होतो, मग घरचा सामना असूनही संघ रात्री हॉटेलात झोपतो. सामना सकाळी ११ ला असेल तर सामन्याआधीचं जेवण ७ च्या सुमाराला येतं, कारण पोटाला चारएक तास द्यायचे असतात. किती वाजताचा सामना हे टीव्हीवाले ठरवतात, कधी कधी जेमतेम आठवडाभर आधी, म्हणून वहीत सगळ्या वेळा 'सामन्याआधी इतके तास' अशाच लिही. घड्याळाची वेळ लिहिलीस तर आठवड्यात तीनदा खोडावी लागेल.

वैद्यकीय पथकाचं सामान आपण लावत नाही, पण कुठं आहे हे आपल्याला झोपेतही सांगता आलं पाहिजे. स्ट्रेचर आणि पाठीचा कणा न हलवता उचलायची फळी, हृदय अचानक बंद पडल्यास लागणारं विजेच्या धक्क्याचं यंत्र, हेल्मेटची जाळी कापायचं हत्यार, रुग्णवाहिकेचा रस्ता. सामन्याआधी दोन्हीकडचे डॉक्टर आणि पंच एकत्र उभे राहून हे बोलून घेतात. त्या वेळी रुग्णवाहिकेच्या वाटेत आपली एकही ट्रॉली नको. डोक्याला मार लागलेला मुलगा त्या दिवशी परत खेळत नाही. त्याचं हेल्मेट डॉक्टरांच्या सांगण्यावरून काढून ठेवलं असेल तर तो कितीही विनवू दे, तू ते द्यायचं नाहीस. वीज चमकली तर मैदान रिकामं होतं आणि शेवटच्या विजेनंतर ३० मिनिटं थांबावं लागतं. तेवढ्या वेळाची केळी, सुके मोजे आणि पाणी खोलीत आधीच असू दे.

शनिवार. स्टेडियमजवळच्या मेलरोज ॲव्हेन्यूवर पहाटेपासून चाहत्यांच्या शेगड्यांचा धूर आणि गाड्या, म्हणून तू संघाच्या बऱ्याच आधी पोच. सामन्याआधी २ तास कॉन्फरन्सला उपलब्ध खेळाडूंचा अहवाल जातो. त्यानंतर कुठला क्रमांक बाहेर आहे हे पाहून त्याचं सामान बाजूला कर. नाणेफेकीचं नाणं पंच आणतात. त्यावर नाइल किनिकचा चेहरा असतो. १९३९ चा हाइझमन, म्हणजे विद्यापीठ फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार, मिळवणारा हा आयोवाचा मुलगा १९४३ मध्ये नौदलाच्या सरावउड्डाणात गेला, वय २४. स्टेडियमला त्याचं नाव आहे, आतल्या मैदानाला मात्र २०२१ पासून आयोवाचा जुना खेळाडू ड्यूक स्लेटर याचं. आत जाताना दोन्ही नावांकडे एकदा बघ.

पहिला क्वार्टर संपला की घाई करायची नाही. पाण्याच्या गाड्या तिथंच सोड, टॉवेल खाली ठेव आणि वळ. स्टेडियमला लागूनच मुलांचं रुग्णालय आहे. वरच्या मजल्याच्या काचांमागं आजारी लेकरं उभी असतात, काही सलाईनसकट. २०१७ पासून ६९ हजार माणसं, दोन्ही संघ आणि पंच त्यांच्याकडे हात हलवतात. वरून इवले इवले हात हलताना दिसतात. माझ्या यादीत हे वेगळ्या ओळीवर लिहिलेलं आहे: 'दोन्ही हात रिकामे.' पहिल्या वेळी माझ्या हातात बाटल्यांचा कॅरेट होता आणि मला हात हलवता आला नाही. ते अजून मनातून जात नाही.

मध्यंतर २० मिनिटांचं, त्यातली जायला-यायला चारेक मिनिटं जातात. फळा, खडू, संत्र्याच्या फोडी आधीच मांडलेल्या हव्यात.

आणि शेवटी डुक्कर. १९३४ च्या सामन्यात आयोवाच्या ऑझी सिमन्स या कृष्णवर्णीय खेळाडूला मिनेसोटानं फार निर्दयपणे रगडलं, आणि पुढच्या वर्षी दोन राज्यांत हाणामारी होईल अशी वेळ आली. तेव्हा मिनेसोटाचे गव्हर्नर फ्लॉइड ओल्सन आणि आयोवाचे क्लाइड हेरिंग यांनी एका डुकराची पैज लावून ताण थोडा सैल केला. रोझडेल नावाच्या फार्मवरचं खरं डुक्कर हेरिंग हरले आणि ते त्यांनी स्वतः नेऊन दिलं. आज त्याचा कांस्याचा पुतळा हाच या सामन्याचा चषक आहे, ९८ पौंड, म्हणजे ४४ किलोच्या वर. तो ज्याच्याकडे असेल त्याच्या बाजूला सामनाभर ठेवलेला असतो. शेवटची शिट्टी वाजली की शंभर मुलं त्याच्याकडे धावतात. तेव्हा त्याच्या आसपास पाण्याचे पाइप, वायरी, रिकामे कॅरेट काही नको. हे सगळं चौथ्या क्वार्टरच्या मधेच उचल, निकाल काहीही दिसत असू दे.

ते डुक्कर मिनेसोटाच्या खांद्यावर जाताना बघावं लागलं तर त्यांच्या ट्रकपर्यंतचा रस्ता मोकळा करून दे आणि दार धर. आपल्या खांद्यावर असेल तर खोलीत न्यायच्या आधी त्याच्या पायांना लागलेले मैदानाचे काळे रबरी कण कापडानं पुसून घे. ते कापड इक्विपमेंट रूममध्ये दाराजवळच्या खिळ्याला टांगलेलं आहे. शुक्रवारी त्याला हात लावून बघ.